कोपरावरच्या व्रणामागचा माणूस : अमेरिकेतल्या मराठी आईबाबांना खुलं पत्र

बेसबॉल खेळणाऱ्या मुलांच्या सर्व आईबाबांस,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलं की एक वाक्य हल्ली हमखास कानावर पडतं: "टॉमी जॉन करून घेतली की पोरं आधीपेक्षा जोरात टाकतात." टॉमी जॉन म्हणजे कोपराचं तुटलेलं लिगामेंट (हाडांना जोडणारी पट्टी) बदलण्याची शस्त्रक्रिया. तिने वेग वाढतो, हे खरं नाही. पण तसं मानणारे थोडेथोडके नाहीत. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत 37 टक्के पालकांनी, आणि हायस्कूलच्या खेळाडूंपैकी तर 51 टक्क्यांनी, कोपराला काहीही झालेलं नसताना निव्वळ खेळ सुधारावा म्हणून ही शस्त्रक्रिया करावी, असं मत दिलं होतं. धडधाकट कोपरावर सुरी चालवायची, तीही पंधरा-सोळाव्या वर्षी!

ज्या पिचरचं (चेंडू टाकणाऱ्या खेळाडूचं) नाव या शस्त्रक्रियेला पडलं, तो कोण होता, चेंडू कसा टाकायचा, माणूस म्हणून कसा होता, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. त्यांच्या लेखी टॉमी जॉन हे एका ऑपरेशनचं नाव आहे. म्हणून आधी त्या माणसाबद्दल लिहितो, आकड्यांकडे नंतर येऊ.

टॉमी जॉन यांचा जन्म 22 मे 1943 रोजी इंडियाना राज्यातल्या टेरे होट गावी झाला. उंच, शिडशिडीत, डावखुरे. शाळेत असताना बास्केटबॉलमध्येही त्यांचं नाव होतं. 1961 मध्ये क्लीव्हलँडच्या संघाने त्यांना करारबद्ध केलं आणि सप्टेंबर 1963 मध्ये ते मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या बेसबॉलमध्ये, पहिल्यांदा माउंडवर (पिचरच्या उंचवट्यावर) उभे राहिले. बेसबॉलमध्ये सामन्याचा विजय-पराभव पिचरच्या नावावर मांडतात; पहिल्या दोन मोसमांचा त्यांचा हिशेब दोन विजय आणि अकरा पराभव असा होता. आजच्या शोकेसच्या (निवड करणाऱ्यांसमोर खेळ दाखवण्याच्या मेळाव्यांच्या) जगात इतक्यात त्यांचं नाव खोडलं गेलं असतं. 1965 च्या सुरुवातीला ते शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेले, आणि तिथे रे बेरेस या जाणत्या पिचिंग कोचच्या हाताखाली त्यांचं खरं हत्यार पक्कं झालं. ते हत्यार म्हणजे सिंकर.

सिंकर कसा असतो ते नीट पाहू, कारण सगळा मुद्दा त्यातच आहे. चेंडूवरच्या दोन शिवणी जिथे एकमेकींच्या सर्वांत जवळ येतात, तिथे तर्जनी आणि मधलं बोट शिवणीच्या लांबीच्या दिशेने ठेवायची, अंगठा खाली. सोडताना तर्जनीचा दाब किंचित जास्त. चेंडू फास्टबॉलसारखाच निघतो, पण फलंदाजाजवळ येता येता खाली बसतो आणि पिचरच्या हाताच्या बाजूला सरकतो. फलंदाज बॅट फिरवतो ती चेंडूच्या वरच्या अर्ध्या भागावर बसते आणि चेंडू जमिनीवरून गडगडत शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाकडे जातो. कधी एका चेंडूत एक बाद, कधी डबल प्लेमध्ये दोन. यासाठी वेग फार लागत नाही. चेंडू गुडघ्याच्या उंचीवर, होम प्लेटच्या (फलंदाजाजवळच्या पाटीच्या) कडेला, पुन्हा पुन्हा त्याच जागी पडावा लागतो. जॉन यांचा फास्टबॉल ताशी नव्वद मैलांच्या खालचाच. सिंकरच्या जोडीला सावकाश येणारा, वळणारा कर्व्हबॉल, बस्स.

तुमच्या घरी आजोबा असतील तर त्यांना बापू नाडकर्णी आठवतील. 1964 मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध सलग 21 निर्धाव षटकं, एकूण 32 षटकांत फक्त 5 धावा. तेही डावखुरेच. जॉन यांची जातकुळी तीच: फलंदाजाला घाबरवायचं नाही, त्याला आपल्याला हवं तिथे मारायला लावायचं. शिकागोच्या मैदानाची देखभाल करणारे तर सिंकर टाकणाऱ्या आपल्या पिचरांसाठी होम प्लेटसमोरची माती पाणी घालून भिजवून ठेवत, म्हणजे गडगडणारा चेंडू तिथेच मंदावे. बाहेरून येणारे संघ त्या पट्ट्याला 'कॅम्प स्वॉम्पी', म्हणजे दलदलीची छावणी, म्हणत.

26 मोसम, 700 सामन्यांत पहिला पिचर म्हणून उतरणं, 4,710 इनिंग, 288 विजय. आणि स्ट्राइकआउट (फलंदाजाला चेंडू मारूच न देता बाद करणं) 2,245, म्हणजे नऊ इनिंगच्या एका पूर्ण सामन्यामागे साधारण सव्वाचार. आज एखाद्या चौदा वर्षांच्या मुलाचे आकडे असे असतील तर ट्रॅव्हल टीमचा (गावोगावी सामने खेळणाऱ्या खासगी संघाचा) कोच त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. जॉन यांनी चेंडू क्षेत्ररक्षकांच्या हवाली केला आणि त्यांच्यावर विश्वास ठेवला. लॉस एंजेलिस डॉजर्समध्ये त्यांच्यामागे गार्वी, लोप्स, रसेल, सी ही वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली चौकडी होती. तिच्याशिवाय हा पिचर पुरता समजत नाही.

1971 च्या डिसेंबरमध्ये ते डॉजर्सकडे आले होते. 1974 च्या जुलैपर्यंत त्यांचा हिशेब 13 विजय, 3 पराभव. 17 जुलैला डॉजर स्टेडियमवर मॉन्ट्रियलविरुद्ध तिसऱ्या इनिंगमध्ये त्यांनी एक सिंकर टाकला, आणि हात जणू आपला राहिलाच नाही. त्यांनी आणखी एक चेंडू टाकून पाहिला, तोही गेला भलतीकडे. मग ते स्वतःहून माउंडवरून चालत बाहेर आले. हे मुलांना जरूर सांगा. कोचने बोलावलं म्हणून नाही, फलंदाजांनी झोडपलं म्हणून नाही. हाताने सांगितलं, त्यांनी ऐकलं.

तुटलं होतं ते कोपराच्या आतल्या बाजूचं लिगामेंट. दंडाच्या हाडाचा आतला उंचवटा आणि पुढच्या हाताचं करंगळीकडचं हाड यांना जोडणारी ही जेमतेम काही सेंटिमीटरची पट्टी. व्यावसायिक पिचरच्या एका फास्टबॉलला, हात मागे पूर्ण झुकलेला असतो त्या क्षणी, या बाजूवर सुमारे 64 न्यूटन-मीटर पीळ येतो. मृतदेहांवरच्या प्रयोगांत हे लिगामेंट एकटं साधारण निम्म्या पिळाला तुटतं. उरलेला भार कोण घेतं? कोपराच्या आतून निघून मनगटाकडे जाणारे स्नायू. स्नायू दमले की भार पट्टीवर. थकलेल्या हाताने टाकू नये असं जे सांगतात, त्यामागचं कारण एवढं साधं आहे.

डॉजर्स संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी आधी विश्रांतीचा उपाय केला. लिगामेंट जुळून आलं नाही. मग त्यांनी जी कल्पना मांडली ती पोलिओच्या रुग्णांवरच्या टेंडनची (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीची) जागा बदलण्याच्या शस्त्रक्रियांतून आलेली होती. आता एक करून पाहा: अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा, मनगट किंचित आत वळवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही वर उठलं? तो पाल्मारिस लाँगस या स्नायूचा टेंडन. काही लोकांना तो नसतोच आणि नसल्याने काही अडतही नाही, म्हणूनच तो काढून घेता येतो. जोब यांनी जॉन यांच्या उजव्या हातातला हा टेंडन काढला, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडली, आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा तो त्यातून ओवून घट्ट केला. तारीख 25 सप्टेंबर 1974. पुन्हा मेजर लीगमध्ये टाकता येण्याची शक्यता त्यांनी शंभरात एक सांगितली होती. जॉन यांचा हिशेब सरळ होता: काही केलं नाही तर शंभरात शून्य. "चला, करून टाकू," एवढंच ते म्हणाले.

आणि नंतर जे झालं ते या कथेच्या झटपट आवृत्तीत कधीच येत नाही. कोपराच्या मागून जाणारी अल्नर नस दुखावली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, पंजा आखडून पक्ष्याच्या नखासारखा झालेला. डिसेंबरमध्ये त्या नसेसाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली. नस किती संथ सावरते ते ज्यांच्या घरी कुणाला असा त्रास झालाय त्यांना माहीत असेल, महिने लागतात. 1975 चा आख्खा मोसम गेला. बोटं वाकत नव्हती म्हणून ती चिकटपट्टीने एकत्र बांधून जॉन चेंडू टाकायचे, समोर झेलायला पत्नी सॅली. चेंडू कुठेही जायचा. दिवसामागून दिवस तेच. संघातले सहकारी माइक मार्शल यांचा शरीराच्या हालचालींचा चांगला अभ्यास होता. त्यांच्या मदतीने जॉन यांनी टाकण्याची ढबही बदलली, अंग कमी पिळून सरळ प्लेटच्या दिशेने जायचं असं. गमत्या स्वभाव मात्र तसाच राहिला. ते सांगत, ऑपरेशन करताना सँडी कूफॅक्सचा (डॉजर्सचा जुना, वेगासाठी गाजलेला पिचर) फास्टबॉल बसवा असं डॉक्टरांना म्हटलं होतं, त्यांनी बसवलाही, पण निघाला मिसेस कूफॅक्सचा.

त्या विनोदात पूर्ण सत्य आहे. शस्त्रक्रियेने त्यांना वेग दिला नाही. त्यांचा जुना चेंडू त्यांना परत मिळाला, तोही दीड वर्षाच्या चिवट मेहनतीनंतर.

एप्रिल 1976 मध्ये ते परतले, त्या मोसमात 10 विजय आणि 10 पराभव. 1977 मध्ये 20 विजय. मग न्यूयॉर्क यांकीजकडून 1979 मध्ये 21, 1980 मध्ये 22. कारकिर्दीतल्या 288 पैकी 164 विजय शस्त्रक्रियेनंतरचे, आणि वीस किंवा अधिक विजयांचे तिन्ही मोसम नंतरचेच. त्या कोपराने पुन्हा दगा दिला नाही.

त्यांचा स्वभाव कळायला दोन प्रसंग पुरेत. 1981 ची वर्ल्ड सिरीज, सहावा सामना, समोर त्यांचाच जुना डॉजर्स संघ. चौथ्या इनिंगमध्ये धावसंख्या 1-1, जॉन उत्तम टाकत होते, आणि व्यवस्थापक बॉब लेमन यांनी त्यांच्याऐवजी दुसरा फलंदाज पाठवला. म्हणजे जॉन सामन्याबाहेर. डगआउटमध्ये येरझाऱ्या घालणारा, डोकं हलवत राहिलेला तो माणूस कॅमेऱ्याने सगळ्या देशाला दाखवला. यांकीज 9-2 ने हरले. वर्ल्ड सिरीजमध्ये ते तीनदा खेळले, 1977 आणि 1978 मध्ये डॉजर्सकडून यांकीजविरुद्ध आणि 1981 मध्ये यांकीजकडून डॉजर्सविरुद्ध, आणि तिन्ही वेळा हरणाऱ्या बाजूला होते. दुसरा प्रसंग जुलै 1988 मधला, वय 45. मिलवॉकीविरुद्ध एकाच खेळीत तीन चुका: साधा चेंडू हातातून निसटला, मग पहिल्या बेसकडे भलताच फेकला, आणि लांबच्या क्षेत्ररक्षकाने परत केलेली फेक मध्येच अडवून होम प्लेटकडे पुन्हा चुकीची फेकली. दुसरा एखादा मोडून पडला असता. जॉन टाकत राहिले आणि यांकीजने तो सामना 16-3 असा जिंकला. पुढच्या वर्षी मोसमाच्या पहिल्याच दिवशी यांकीजने चेंडू त्यांच्याच हाती दिला आणि तो सामनाही त्यांनी जिंकून दिला. मे 1989 मध्ये ते थांबले, वय 46.

चेंडू जास्त वळावा म्हणून नियमाविरुद्ध खरवडून टाकतो असा संशय घेणारे प्रतिस्पर्धी होते, तेही सांगायला हवं. सिंकर चांगला पडणाऱ्या बहुतेक पिचरांवर तो आळ येतोच.

कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये ते अजून नाहीत. पत्रकारांच्या मतदानात 75 टक्के लागतात, त्यांना सर्वाधिक मिळाले 31.7 टक्के, 2009 मध्ये. डिसेंबर 2024 मध्ये सोळा जणांच्या समितीत बारा मतं हवी होती, सात मिळाली. आमच्या मते हा अन्याय आहे. वेगावर भाळणाऱ्या खेळाला टिकून राहण्याची किंमत अजून नीट करता येत नाही.

आता आपल्या मुलांकडे. मेजर लीगमध्ये फास्टबॉलचा सरासरी वेग 2008 मध्ये ताशी 91.3 मैल होता, 2024 मध्ये 94.2. ती ओढ खाली बारा वर्षांच्या पोरांपर्यंत पोचली आहे; वेग मोजणारी रडार गन, वेग वाढवण्यासाठी जड चेंडूंचे सराव, बाराही महिने सामने. टेक्सास आणि कॅलिफोर्नियात तर थंडीचा अडसरही नाही. 2007 ते 2011 या काळातल्या अमेरिकेतल्या नोंदी तपासल्या तेव्हा या शस्त्रक्रिया झालेल्यांत निम्म्याहून जास्त 15 ते 19 वयाचे निघाले. मुलांच्या कोपरावर आपल्या नावाची शस्त्रक्रिया होते याचं दुःख टॉमी जॉन यांनी स्वतः जाहीरपणे सांगितलं आहे.

मग शस्त्रक्रियेनंतर वेग वाढलेली मुलं दिसतात, ती कशी? सोळाव्या वर्षी ऑपरेशन, साडेसतराव्या वर्षी परत. मधल्या काळात मुलगा दोन इंच उंच झाला, वजन वाढलं, वर्षभर पाय, पाठ, खांदा यांचा शिस्तीत व्यायाम झाला, आणि हाताला आयुष्यात पहिल्यांदा सलग विश्रांती मिळाली. वेग तिथून आला. तो शस्त्रक्रियेशिवायही आला असता. पाचातले साधारण चार जण आधीच्या पातळीवर परततात. पाचव्याचं नाव मैदानाच्या कडेला कुणी घेत नाही. जोब यांचे दुसरे रुग्ण ब्रेंट स्ट्रॉम मेजर लीगमध्ये पुन्हा कधी टाकू शकले नाहीत.

काय करायचं ते फार अवघड नाही, फक्त वही लागते. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांनी 2014 मध्ये 'पिच स्मार्ट' ही मर्यादा घालून दिली. एका दिवसात 9-10 वर्षांच्या मुलाने जास्तीत जास्त 75 चेंडू, 11-12 ला 85, 13 ते 16 ला 95, 17-18 ला 105. चौदा वर्षांपर्यंत 21 ते 35 चेंडू टाकले तर एक दिवस विश्रांती, 36 ते 50 ला दोन, 51 ते 65 ला तीन, 66 किंवा जास्त असतील तर चार. वर्षात 12 वर्षांपर्यंत 80 इनिंग, पुढे 18 पर्यंत 100. वर्षातून किमान चार महिने स्पर्धेतलं पिचिंग बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग आणि त्या काळात खांद्यावरून काहीच टाकायचं नाही. आपल्या घरांसाठी एक खास सूचना: हिवाळ्यात विश्रांती म्हणून मुलगा इनडोअर क्रिकेटला जात असेल, तर तिथली गोलंदाजी आणि सीमारेषेवरून केलेल्या फेकी हाताच्या खात्यात धरा. हाताला खेळाचं नाव कळत नाही.

गडबड नेमकी कुठे होते? प्रत्येक कोच फक्त आपल्या सामन्यातले चेंडू मोजतो. शुक्रवारी शाळेच्या संघासाठी 60, रविवारी ट्रॅव्हल टीमसाठी 55, मधल्या शनिवारी खासगी शिकवणीत 40. तिघांच्याही वहीत मुलगा मर्यादेत. बेरीज करणारं कुणीच नाही. ती बेरीज आई-बाबांनीच करायची. शिवाय ज्या दिवशी पिचिंग केलं त्याच सामन्यात कॅचर (पिचरचे चेंडू झेलणारा) म्हणून उभं करू देऊ नका. कॅचरही प्रत्येक चेंडू परत फेकतच असतो.

हात थकल्यावरही नेमाने टाकणाऱ्या मुलांना शस्त्रक्रियेची वेळ येण्याचा संभव एका अभ्यासात 36 पट आढळला. वर्षात आठ महिन्यांपेक्षा जास्त स्पर्धा खेळणाऱ्यांना पाच पट. म्हणून आकड्याइतकंच पोराकडे बघा. चेंडू सारखे उंच जायला लागले, कोपर खांद्याच्या खाली उतरलं, दोन चेंडूंमधला वेळ वाढला, हात झटकतोय, कोपराची आतली बाजू चोळतोय: चेंडू 40 झाले असोत की 80, त्याला बाहेर काढायला सांगा. करंगळीत मुंग्या येतात असं म्हणाला तर त्याच आठवड्यात डॉक्टर. सामन्याआधी वेदनाशामक गोळी कधीही नको. दुखणं हीच तर घंटा आहे, तीच काढून टाकल्यासारखं होतं. आणि 9 ते 14 वयात आतल्या बाजूला दुखतं तेव्हा बहुधा लिगामेंट नसतं, हाडाच्या वाढीची कूर्चा असते. ती ताणली जाते, कधी हाडाचा तुकडाच ओढून काढते. वेळेवर थांबवलं तर काही आठवड्यांच्या विश्रांतीने ती बरी होते, सुरी लागत नाही.

कर्व्हबॉलची भीती पूर्वीपासून घातली जाते. प्रयोगशाळेत मोजलं तेव्हा नीट टाकलेल्या कर्व्हबॉलचा पीळ फास्टबॉलपेक्षा जास्त आढळला नाही. खरा शत्रू थकवा आणि पूर्ण जोर. पण दहा वर्षांच्या मुलाने आधी फास्टबॉल आणि चेंजअप (फास्टबॉलच्याच हालचालीने टाकलेला सावकाश चेंडू) यांवर ताबा मिळवावा, हे बरं.

तेव्हा पुढच्या मोसमाची फी भरण्याआधी कोचला तीन गोष्टी विचारा. इतर संघांतले चेंडू तुम्ही धरता का? विश्रांतीचे दिवस कोण पाळतं? आणि माझ्या मुलाने "हात दुखतोय" म्हटलं तर त्याची जागा जाईल का? तिसऱ्या प्रश्नाला कोच अडखळला तर दुसरी टीम बघा. आणि मुलाला अंगणात गुडघ्याच्या उंचीवर एक दोरी बांधून द्या. तीस चेंडू, निम्म्या जोराने, किती दोरीखालून जातात ते मोजा. रडार गन गाडीतच राहू द्या.

आपले स्नेही,
पिचिंगचा नाद असलेले काही मराठी बेसबॉलप्रेमी